सही नसलेली काच

जयपूरजवळचं बगरू, दुपार. छिपा, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांच्या मोहल्ल्यात हरड्याच्या पाण्यातून काढलेलं पिवळसर कापड उन्हात पसरलंय. काळ्या रंगासाठी लोखंडाचं भंगार नि गूळ आंबवलाय, त्याचा वास नाकातून जाता जात नाही. एका ठशाचा सांधा किंचित सरकलाय, रेघ दुहेरी झालीय. हाताचं काम असंच ओळखू येतं.

त्यावरून घरच्या फुलदाण्या आठवल्या. जर्मनीतल्या गाइसलिंगेनच्या डब्ल्यूएमएफ कंपनीची १९२०-३० च्या दशकांतली ‘इकोरा’ काच. सही बहुधा नसतेच, कागदी लेबल कधीच गळालेलं. मग जाड काचेच्या पोटातले बुडबुडे नि रंगाची जाळी न्याहाळायची, तळावरून बोट फिरवायचं. विक्रेते ती सरसकट व्हेनिसची ‘मुरानो’ म्हणून खपवतात, तेव्हा खरं तर हसू येतं. लेबलापायी दुप्पट पैसे मोजणाऱ्यांतला मी नाही.