अंगण वाकडे असेल तर

नवा खेळ रचणारा माणूस नेमके काय रचतो, हे मला अद्याप उमगलेले नाही. पट कोणीही आखू शकतो, सोंगट्या कोणीही कोरून घेऊ शकतो, आणि चारसहा नियम कागदावर उतरवून काढण्यास विशेष प्रज्ञेची आवश्यकता असते असेही नाही. परंतु त्या पटाभोवती दोन शहाणीसुरती माणसे तहानभूक विसरून बसतात, परस्परांच्या चालीकडे शत्रूच्या फौजेकडे पाहावे तशा सावध दृष्टीने पाहू लागतात, आणि दिवेलागणीनंतर आतून हाक आली असता 'एवढा डाव होऊ दे' असे उत्तर देतात, ही जी गोष्ट घडते ती रचणाऱ्याने घडविलेली असते की खेळणाऱ्यांनी? ओसरीच्या फरशीवर कोळशाने आखलेली वाघबकरी आम्ही पोरेटोरे खेळत असू, तेव्हा हा प्रश्न मनाला शिवलाही नव्हता. चिंचोक्यांच्या शेळ्या होत, फुटक्या बांगडीची काच वाघ होई. शेळ्यांनी एकेक करून रेषांच्या सांध्यांवर येऊन बसायचे, वाघाने उडी घेऊन त्यांना उचलायचे, आणि शेळ्यांनी दाटी करून वाघाची वाट कोंडायची. दोन्ही पक्षांचे बळ विषम, हत्यारे विषम, जिंकण्याची रीतही विषम, आणि तरी डाव तोलाचा होई. हा तोल ज्याने प्रथम साधला त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही, आणि ते नसल्यामुळे वाघाचे अथवा शेळ्यांचे काही अडल्याचेही ऐकिवात नाही.

जबलपुरात राहणाऱ्या माणसाला मात्र या अनामिकतेत फार काळ सुखाने रमता येत नाही, कारण या गावाच्या नावावर एक असा खेळ जमा आहे की ज्याला कर्ता आहे, स्थळ आहे आणि सालही आहे. १८१७ साली नागपूरकर भोसल्यांचा अंमल उठून येथे इंग्रजांचा बसला. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग येथे येऊन पुरा झाला. आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १८७५ च्या पावसाळ्यात, छावणीतील डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अंमलदाराने बिलियर्ड्सच्या मेजावर स्नूकर नावाचा नवा डाव मांडला. (छत्री घेऊन म्युनिकला जाणारे पंतप्रधान ते हे नव्हेत, केवळ नामसादृश्य आहे, आणि त्या नामसादृश्याचा जाच या बिचाऱ्यास उतारवयात बराच झाला असला पाहिजे.) या जन्माचा मान गावात कोणी नर्मदा क्लबाला देतात, परंतु हकीकत मेसची आहे, आणि ज्या मेसची आहे ती आज नेमकी कोठे उभी करून दाखवावी, याविषयी मी सहसा वादात पडत नाही.

चेंबरलेनने केले तरी काय? मेसमधील मंडळी पैसे लावून दोनतीन खेळ खेळत. 'पिरॅमिड्स'मध्ये पंधरा तांबडे चेंडू त्रिकोणात रचलेले असत. 'पूल'मध्ये प्रत्येक गड्याचा आपापल्या रंगाचा चेंडू असे आणि त्याला ठराविक जीव दिलेले असत. दुसऱ्याने तो पॉकेटमध्ये घातला की एक जीव जाई आणि त्याबरोबर थोडे पैसेही जात. या पूलच्याच एका प्रकारात एक काळा चेंडू जोडीला येई. चेंबरलेनने त्या काळ्याच्या सोबतीला आणखी एक रंगीत चेंडू ठेवून पाहिला. तो मंडळींना रुचला. मग हळूहळू आणखी रंग आले. निर्मितीची संपूर्ण कथा एवढीच. नावही असेच सहज पडले: वूलिचच्या लष्करी विद्यालयातील नवशिक्या उमेदवारांना 'स्नूकर' म्हणत, कोणाचा तरी सोपा फटका हुकला, चेंबरलेनने त्याला त्या नावाने हिणविले, आणि मग या खेळात आपण सारेच तसे नवशिके आहोत असे म्हणून त्याचे सांत्वनही केले.

परंतु या सहजपणाआड एक गोष्ट घडून गेली आहे, ती मला स्वस्थ बसू देत नाही. पूलमध्ये रंग म्हणजे माणूस होता. निळा म्हणजे अमुक कप्तान, हिरवा म्हणजे तमुक, आणि त्याचे जीव संपले की तो रंग त्या डावापुरता मेजावरून उठला. आज ज्या नियमांनी स्नूकर खेळतात त्यांत तांबडे चेंडू एकेका गुणाचे, आणि पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात, अशी चढती प्रतवारी आहे. तांबडा पॉकेटमध्ये गेला की तो कायमचा गेला, परंतु रंगीत चेंडू, मेजावर तांबडे शिल्लक आहेत तोवर, बाहेर काढून पुन्हा आपल्या नेमून दिलेल्या जागी ठेवावा लागतो. अव्वल इंग्रजी अमदानीतील कचेरी ज्याने पाहिली वा वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल त्याला हे ओळखू यावे. तांबडे ही माणसे आणि रंगीत हे हुद्दे. मामलेदार बदलून जातो, निवृत्त होतो, कधी निवर्ततोही. मामलेदारी त्याच दफ्तरासह, त्याच खुर्चीवर, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. आणि अखेरचा तांबडा संपला की हुद्दे, कनिष्ठापासून वरिष्ठापर्यंत, क्रमाने एकेक करून खालसा होतात. ही मांडणी मनात धरून चेंबरलेनने चेंडू ठेवले असतील असे मात्र मी म्हणणार नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने पावसाच्या कंटाळ्यात एक चेंडू वाढविला, आणि माझ्यासारखा रिकामटेकडा त्यात मुलकी कारभाराची मीमांसा वाचतो, ही शक्यता अधिक.

आणखी एक विचार असा की, दिलेला खेळ पुरेसा नाही असे म्हणणाऱ्या माणसाकडे भोवतालची मंडळी कोणत्या दृष्टीने पाहत असतील? हरणाराच खेळाला नावे ठेवतो, हा सार्वत्रिक समज आहे, आणि आपल्याकडे तर त्यावर शिक्काच मारलेला आहे: नाचता येईना, अंगण वाकडे. या म्हणीचा धाक एवढा जबर आहे की अंगणाविषयी तक्रार करण्याचे धैर्यच मराठी माणसाला होत नाही. परंतु ती म्हण जरा शांतपणे न्याहाळली तर काय दिसते? अंगण खरोखरच वाकडे असते. जुन्या वाड्याचे अंगण घडविणारा गवंडी ते मोरीच्या दिशेने मुद्दाम उतरते करतो, कारण सपाट अंगणात पहिल्याच पावसाला तळे साचेल आणि ते पाणी जोत्यात मुरेल. वाकडे नसलेले अंगण हे बिघडलेले अंगण होय. तेव्हा नाचणारी जे म्हणाली ते अक्षरशः सत्य होते. म्हणीने तिला खोटे पाडले नाही, फक्त ऐकून घेण्याचे नाकारले.

म्हणीचा उत्तरार्ध तर याहून कठोर आहे. स्वयंपाक येईना, ओली लाकडे! हे वाक्य ज्याने कोणी प्रथम उच्चारले त्याने श्रावणात चूल पेटविलेली नसावी. आमच्या घरी पावसाळ्याच्या आधी लाकडे फोडून माळ्यावर रचण्याचा शिरस्ता होता, आणि तरीही अधिक श्रावणाच्या साली ती पुरत नसत. मग वखारीतून आणलेली, अर्धवट भिजलेली मोळी चुलीपाशी उभी करून तिची ऊब तिलाच देत देत वाळवावी लागे, स्वयंपाकघर धुराने कोंदे, फुंकणीने फुंकून फुंकून घरातल्या बाईचे डोळे तांबडेलाल होत, आणि भात अर्धवट राहिला तर पानावर बसलेला पुरुषवर्ग ही म्हण उच्चारी. उच्चारणाऱ्यांपैकी एकानेही उठून लाकडाला हात लावून पाहिल्याचे मला स्मरत नाही. म्हणीचे दोन्ही साक्षीदार, अंगण आणि लाकूड, पावसाशी बांधलेले आहेत, आणि पावसाचे नाव मात्र तीत कोठेही नाही. पंचांनी असा निवाडा दिला असता तर आपण तो फिरवून घेण्यासाठी वर अर्ज केला असता. म्हणीवर अपील चालत नाही.

जबलपूरच्या मेसमध्येही पाऊसच होता. कवायतीच्या मैदानात चिखल, घोडी तबेल्यात, शिकार बंद. म्हणजे बाहेरचे अंगण वाकडे झालेले. तेव्हा त्या लोकांनी आत एक अंगण आणले होते, बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, पाटीच्या दगडाचे, वर हिरवी बनात ताणून बसविलेले, आणि पाणसळ लावून इतके समतल केलेले की त्यावर सोडलेला चेंडू आपण होऊन कोणत्याही दिशेस कलू नये. मनुष्यजातीने सरळ अंगणासाठी केलेल्या खटाटोपांत बिलियर्ड्सच्या मेजाला वरचे स्थान द्यावे लागेल. आणि तरी पाऊस आत येतोच. त्या काळचे चेंडू हस्तिदंती असत. हस्तिदंत हवेतील ओल धरतो आणि त्याची गोलाई बिघडते. बनातही दमट हवेत जड होते आणि चेंडूचा वेग मारते. मध्यप्रांतातील आषाढात ज्या गड्याचा फटका हुकला असेल त्याने चेंडूला दोष दिला असता तर तो बहुधा बरोबरच ठरला असता.

येथवर आल्यावर मला वाटू लागले होते की उत्तर हाती लागले: खेळ रचणारा म्हणजे अंगणाकडे पाहण्याची मुभा असलेला एकमेव माणूस, बाकीच्यांनी नाचायचे आणि गप्प बसायचे. परंतु हे टिकत नाही. चेंबरलेनने अंगण सरळ केले नाही. ते सरळच होते. त्याने त्या सरळ अंगणात अडथळे वाढविले. आज त्यावर पंधरा तांबडे आणि सहा रंगीत, असे एकवीस अडथळे उभे असतात. खेळाचे सारे मर्म असे की आपला पांढरा चेंडू प्रतिपक्षासाठी एखाद्या रंगाच्या आड नेऊन ठेवावा आणि त्याला सरळ रेषेने काहीही करता येऊ नये. एवढ्या खर्चाने पाणसळीत आणलेले अंगण पुन्हा वाकडे करण्यासाठीच आणले होते काय? वाघबकरीची फरशी खडबडीत होती, रेघा तिरप्या होत्या, आणि त्याने डावास कधी बाध आला नाही, कारण तेथे वाकडेपणा सर्वस्वी नियमांत होता, दगडात नव्हता. मग नाचणाऱ्या बाईला न्याय द्यावा तो कोणत्या आधारावर, हेही मला आता नीट सांगता येत नाही. अंगण वाकडे होते हे खरे. परंतु वाकड्या अंगणावाचून नाचात काही राम उरला असता काय?

कर्तेपणाचा धागाही ओढून पाहिला तर असाच उसवतो. १८७५ चा कोणताही कागद पुढे आलेला नाही. चेंबरलेन जबलपूर सोडून गेला, अफगाण युद्धात जखमी झाला, पुढे मद्रास फौजेचे सेनापती रॉबर्ट्स यांच्या तैनातीत उटकमंडला राहू लागला, आणि तेथील क्लबाच्या भिंतीवर या खेळाचे नियम लिहून लागले ते १८८० नंतरच्या काही वर्षांत. बिलियर्ड्सचा विख्यात पटू जॉन रॉबर्ट्स १८८५ साली हिंदुस्थानात आला असता कलकत्त्यास कूचबिहारच्या महाराजांच्या पंक्तीला त्याची आणि चेंबरलेनची गाठ पडली, नियम विचारून घेतले गेले, आणि खेळ विलायतेस पोहोचला. १९०० साली तेथील बिलियर्ड्स असोसिएशनने त्याला रीतसर कायदा दिला. त्या साली चेंबरलेन आयर्लंडच्या पोलीस खात्याचा मुख्य झाला होता आणि अगदी निराळ्या प्रकारची माणसे जागच्या जागी ठेवण्याच्या विवंचनेत होता. खेळाचा उगम वूलिचला झाला असा दावा पुढे आल्यावर, १९३८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने 'द फील्ड' या नियतकालिकास पत्र धाडून जबलपूरची हकीकत सांगितली; जुन्या सहकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला. म्हणजे आमच्या गावाचा हा मान त्रेसष्ट वर्षांनंतरच्या स्मरणावर उभा आहे. मी तो खरा मानतो, आणि का मानतो असे कोणी विचारले तर मी जबलपूरचा आहे यापलीकडे मजजवळ फारसा पुरावा नाही. शिवाय ज्या देशात हा खेळ मांडला गेला त्या देशाने जगज्जेतेपद प्रथम मिळविले ते बिलियर्ड्सचे, १९५८ साली, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने. हौशी स्नूकरचे यायला ओम अगरवालची १९८४ ची डब्लिन स्पर्धा उजाडावी लागली.

एक चित्र मनातून जात नाही. पत्र लिहिणाऱ्या त्या वृद्धाला कोणी आग्रहाने एखाद्या क्लबात नेले, हातात क्यू दिला, आणि तो मेसमध्ये खेळत असे त्या रीतीने खेळू लागला, तर गुण मोजणाऱ्या मार्करने त्याला पहिल्या पाचदहा मिनिटांतच फाउल दिला असता, कारण रंग मागाहून वाढले होते आणि कायदा लंडनने लिहिला होता. आता तो फाउल कबूल करावा, तर खेळ त्याचा राहत नाही. आणि नाकबूल करावा, तर त्या मेजाभोवती खोळंबलेल्या मंडळींनी कोणाचे ऐकायचे? मला दोन्ही बाजूंनी बोलता येते. मार्करचे बरोबर आहे, असे आज लिहिताना वाटत आहे. परवा संध्याकाळी या प्रश्नावर बोलताना मी याच्या नेमके उलट बोललो होतो, आणि तेही तितक्याच आवेशाने.