शक्कर तलाव आणि खारी विहीर

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमध्ये एकच प्रश्न असतो, 'वीकेंडला कुठे?' कुणी काशीद म्हणतं, कुणी महाबळेश्वर. मी म्हटलं, 'अकोल्याला.' शेजारच्याने कॉफीचा मग खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, 'का गं, कुणी आजारी आहे का?'

त्याचं काही चुकलं नाही. अकोला म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला फक्त मे महिन्यातलं तापमान आठवतं. तिथे 'बघायला' कुणी जात नाही. मीसुद्धा बघायला चालले नव्हते. मामांचा फोन आला होता.

'दादाले जरा समजाव बाप्पा. पुण्यात कुठंबी चिकटवून दे. तुयं ऐकते तो.'

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. वय एकतीस. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकला आणि थेट गावच्या वावरात परतला. गेल्या दोन वर्षांत तीन स्थळं आली आणि गेली. पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि पुढे काही कळवायचे नाहीत. कारण चहातच होतं. पाणी खारं!

सपाट, अगदी सपाट

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलं की गांधीग्रामला पूर्णा नदी लागते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हजारो कावडधारी इथूनच पाणी भरतात आणि रात्रभर चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. पुढे चोहोट्ट्याहून दहीहंड्याच्या बाजूला आत वळलं की मामांचं गाव. शंभरेक उंबरे, एक मारुती, एक शाळा, चार बाभळी. संपलं!

डिसेंबरात पऱ्हाटीची शेवटची वेचणी चाललेली असते, तूर पिवळी पडत आलेली असते आणि हरभरा नुकता घाट्यावर आलेला असतो. बाकी नजर जाईल तिथवर काळी जमीन. ना टेकडी, ना खडक. संध्याकाळी लांबवर हरणांचा कळप दिसतो. पाठोपाठ रोही दिसतात, त्यांना शेतकरी शिव्या घालतात. उत्तरेला, अगदी क्षितिजावर, निळसर रेघ मारल्यासारखा सातपुडा. लहानपणी मला वाटायचं, ते ढगच आहेत.

हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं त्यात येतात. पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते, ही सगळी सपाटी पार करते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधला हा खोलगट पट्टा गाळाने भरलाय. हा चिकण गाळ शेकडो फूट खोल आहे. पाण्याचा निचरा होत नाही, क्षार आतच राहतात. गावातले म्हातारे मात्र सरळ सांगतात, 'इथं समुद्र होता पयले.'

विहीर आहे, बोअर आहे, पाणीही आहे. पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. शेताला दिलं तर जमीन दगडासारखी कडक होते. पाण्यावर बसून तहानलेलं गाव म्हणजे काय, ते इथे येऊन बघा. प्यायचं पाणी तेल्हारा तालुक्यातल्या वान धरणातून ८४ खेडी योजनेच्या नळाने येतं. मामांकडे ते रोज येत नाही. म्हणून मामींच्या स्वयंपाकघरात दोन माठ असतात, प्यायचा वेगळा आणि वापरायचा वेगळा. पाहुण्यांच्या चहाला मामींनी नळाचंच पाणी घेतलं होतं, पण मुलीच्या आईने हात धुताना चूळ भरली. तेवढं पुरलं!

बाइकवरून चव बदलते

रविवारी सकाळी दादा म्हणाला, 'चाल, नरनाळा दाखवतो.' मी मनात म्हटलं, बरं झालं, मामांचा निरोप तिथेच देऊ.

मामींनी रोडगे आणि वांग्याची भाजी बांधून दिली. अकोट गेलं आणि एकदम सीन बदलला. केळीच्या बागा, संत्र्याच्या बागा, मधूनच पानपिंपळीचे वेल. एवढ्या अंतरात पाणी खाऱ्याचं गोड झालं होतं! पायथ्याशी डोंगरातून येणारं पाणी जमिनीत मुरतं, म्हणून इथल्या विहिरी गोड. एका बागेपाशी थांबून आम्ही पाणी प्यायलो. दादा हसून म्हणाला, 'इथल्या पोट्ट्यायचे लग्न लवकर होते.'

पोपटखेडच्या पुढे शहानूर लागतं. अगदी छोटी वस्ती, मागे सागाचं जंगल. इथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची आणि वर जायचं. हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे हॉर्न आणि गाणी बंद.

किल्ला नऊशे मीटरहून जास्त उंचीवर. महाकाली दरवाजासमोर आलात की पाच मिनिटं नुसतं उभं राहा. दगडात कोरलेली कमळं, सज्जे आणि अरबी अक्षरांतले शिलालेख. १४८७ साली तो फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधला. त्यानेच पुढे वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'तही नरनाळ्याचा उल्लेख आहे.

दादाला मात्र दरवाजापेक्षा तलाव दाखवायचे होते. माथ्यावर ठिकठिकाणी टाकी आणि तलाव आहेत. सगळ्यात मोठ्याचं नाव आहे शक्कर तलाव. खाली खारपाणपट्टा आणि वर शक्कर तलाव!

काठावर बसून रोडगे खाताना मी निरोप दिला. पुण्यात ओळखीने काम मिळेल, रूमची सोय होईल, मामांना काळजी वाटते, सगळं एका दमात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, 'पुण्यात पाणी कुठून येते?'

'खडकवासल्याहून.'

'म्हंजे तुमीबी पावसाचंच धरून पेता. ह्या किल्ल्यावाल्यायनंबी तेच केलं. इथं कोणती नदी हाय? मंग म्या तळं खांदलं तर बाबाले काऊन येडेपणा वाटते?'

तळ्याबद्दल मला ठाऊकच नव्हतं. त्याने वावराच्या खालच्या कोपऱ्यात शेततळं खोदलं होतं. ज्या चिकणमातीने विहीर बिघडवली, तीच मातीत पाणी धरून ठेवते. प्लॅस्टिकचा कागदही टाकावा लागत नाही. पावसाचं गोडं पाणी साठवायचं आणि हरभऱ्याला द्यायचं. कडक झालेल्या जमिनीला जिप्सम टाकायचं. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही खारपाणपट्ट्यातली गावं घेतली होती, हे त्यानेच सांगितलं.

'अन् लग्न?' मी विचारलं.

तो तलावाकडे बघत राहिला. 'त्याचं मले मालूम नाही,' म्हणाला.

निघताना आम्ही तटावर गेलो. दक्षिणेला सगळं वऱ्हाड पसरलं होतं. आधी हिरवा पट्टा, मग तपकिरी आणि त्यापलीकडे धुरकट काळा. कोणती विहीर गोड आणि कोणती खारी, ते वरून रंगावरून कळत होतं. आमचं गाव काही दिसलं नाही. दादाने बोट दाखवलं तिथे मी मान हलवली.

रात्री ओसरीवर मामांनी विचारलं, 'सांगतलं का त्याले?'

'सांगितलं.'

'मंग?'

'नाही येत म्हणतो.'

मामा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, 'तळं पाह्यलं काय तू? पाणी किती हाय त्यात?'

'येताना पाहिलं. अर्धं आहे.'

'अर्धं?' त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. 'मंग हरभऱ्याले एक पाणी होते.'

कसं जाल?
मुंबई-नागपूर मार्गावरच्या बऱ्याच गाड्या अकोल्याला थांबतात. तिथून अकोट साधारण ४५ किमी. एसटी आहेच. खांडव्याला जाणारी जुनी मीटरगेज २०१७ मध्ये बंद झाली, पण अकोला-अकोट ब्रॉडगेज २०२२ मध्ये सुरू झाली. अकोटहून शहानूर सुमारे २० किमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मे महिन्यात जाऊ नका. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. आणि हो, वाटेत कुणी पाणी विचारलं तर नाही म्हणू नका. त्यांनी ते दुसऱ्या माठातलं दिलेलं असतं.