बस की ट्रेन?

"काय रे, तिकडे फिरायला बस स्वस्त पडते की ट्रेन?"

म्युनिकला आल्यापासून हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारला असेल. नवीन ऑनसाइट आलेला कलीग, मास्टर्सला आलेली मावसबहीण, युरोप ट्रिपवर निघालेला पुण्याचा जुना रूममेट.. सगळ्यांना हेच हवं असतं. पूर्वी मी यावर अर्धा तास लेक्चर द्यायचो. अजूनही देतो. फक्त शेवटी एक प्रश्न मीच उलटा विचारतो. तो का, ते सांगतो. पण आधी लेक्चर, थोडक्यात :)

तर मंडळी, जर्मनीत २०१२ संपेपर्यंत लांब पल्ल्याच्या बस जवळजवळ नव्हत्याच. रेल्वेला स्पर्धा नको म्हणून १९३० च्या दशकातला कायदा होता. जिथे रेल्वे जाते त्या मार्गावर बसला परवानगी मिळणं महाकठीण. १ जानेवारी २०१३ ला हे बंधन उठलं आणि बसगाड्यांचं पेव फुटलं. फ्लिक्सबसचा जन्म त्याच लाटेतला, आणि तोही म्युनिकमधला. २०१५ मध्ये फ्रान्सनेही असंच दार उघडलं. तेव्हापासून आपल्यासारख्या काटकसरी जनतेची चंगळ आहे.

ट्रेनचं गणित जरा वेगळं. आयसीई, म्हणजे इथली वेगवान गाडी, विमानासारखी विकली जाते. लवकर काढाल तर स्वस्त, आदल्या दिवशी काढाल तर घाम फुटेल. आणि स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं. दुसरीकडे डॉइशलांड तिकीट: मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या. आयसीई मात्र नाही. म्हणजे पॅसेंजरने गाड्या बदलत बदलत जायचं. वेळ भरपूर आणि पैसे कमी असलेल्याला यासारखं सुख नाही.

ट्रेन नेहमी वेगवान असते हा एक गैरसमज. म्युनिक ते बर्लिन आयसीईने साधारण चार तास (डिसेंबर २०१७ मध्ये नवीन मार्ग पूर्ण झाला, त्याची कृपा), बसला सात-आठ. पण म्युनिक ते प्राग? तिथे बसच आधी पोचते. रेल्वे रेगेन्सबुर्गच्या पुढे डिझेलवर, डोंगरातून डुलत डुलत जाते. बस सरळ हायवेने पाचेक तासात प्रागच्या फ्लोरेंत्स स्टँडवर.

आणि स्टँड कुठे आहे तेही बघायचं. बर्लिनचं मुख्य रेल्वे स्टेशन शहराच्या मध्यावर, बसस्टँड पार पश्चिमेला. मेट्रोचं तिकीट आणि पाऊण तास हिशोबात धरायचा.

शेवटचा मुद्दा उशिराचा. जर्मन गाड्या वेळेवर असतात हे आता फक्त आपल्याकडेच लोक मानतात. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे 'वेळेवर'च धरतात! पण पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट असेल आणि मधली गाडी चुकली, तर पुढच्या गाडीने जाता येतं, तासाभराच्या वर उशीर झाला तर पंचवीस टक्के पैसेही परत मिळतात. बसचं वेगळं आणि ट्रेनचं वेगळं तिकीट काढलंत, तर बस लेट झाल्याचं दुःख ट्रेनवाल्याला नसतं.

झालं लेक्चर.

आता गोष्ट. २०२४ च्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते. पहिलाच परदेश प्रवास. मी लगेच एक्सेल शीट उघडली. भाडं, वेळ, स्टँडपर्यंतचा खर्च, हॉटेलची वाचलेली रात्र, सगळे कॉलम. म्युनिक ते प्राग दिवसाची बस. प्राग ते बर्लिन ट्रेन, कारण ती एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते आणि चेक डब्यात बसून खाता येतं. आणि बर्लिनहून परत रात्रीची बस. तिकीट आणि हॉटेल धरून तिघांचे दोनशेच्या आसपास युरो वाचत होते. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

प्रागला बस मस्त गेली. ट्रेनमध्ये तर बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. बर्लिनला दिवसभर चाललो. उन्हाळा होता म्हणून दुपारी मी आईला पाण्याची मोठी बाटली घेऊन दिली. रात्री साडेदहाला बस निघाली.

दोनच्या सुमारास बस कुठेतरी थांबली. मी पाणी मागितलं, आईने पिशवीतून बाटली काढून दिली. सील तसंच.

"अगं, तू प्यायलीच नाहीस?"

आई काही बोलली नाही. बाबाच हळूच म्हणाले, "दुपारपासून घोटभरसुद्धा घेतलं नाहीये तिने. रात्री बस आहे ना."

"पण बसमध्ये टॉयलेट आहे, आई! मी सांगितलं होतं की."

"माहितीये रे," आई म्हणाली. "पण त्या एवढ्या उंच पायऱ्या उतरून, चालत्या गाडीत.. माझ्या गुडघ्यांना जमेल का? आणि सगळी माणसं झोपलेली, कोणाला उठवायचं. राहू दे. मला सवय आहे."

सवय आहे.. लहानपणी आम्ही सातारा-मुंबई रातराणीने जायचो, मामाकडे. दुपारच्या चहानंतर आई काही प्यायची नाही. मला आपलं वाटायचं, आईला तहान कमी लागते. खरंच, इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. एसटी कुठल्या तरी ढाब्यावर थांबायची, बाबा आणि मी अंधारात कुठेही जाऊन यायचो, आई खिडकीत बसून सामान सांभाळायची.

सकाळी म्युनिकला उतरलो. स्टँडवरून लोकलकडे जाताना पायऱ्यांवर आईला चक्कर आली. तिथेच खाली बसली. मग तिने ती बाटली एका दमात संपवली. मी शेजारी बॅगा धरून उभा. येणारे-जाणारे विचारत होते, "सगळं ठीक आहे ना?" आणि मी "हो, हो" म्हणत होतो. तासाभराने घरी चहा पिताना आई हसत होती, म्हणाली, "अरे, काही नाही झालं." बाबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

ती शीट मी अजून डिलीट केलेली नाही. हिशोबात एक पैशाची चूक नाही तिच्यात.

तेव्हापासून कोणी विचारलं, "बस की ट्रेन?" तर मी आधी विचारतो, "बरोबर कोण आहे?" एकटा असशील, मित्र असतील, तर खुशाल बस घे, उरलेल्या पैशात जेव. मी स्वतः अजूनही तेच करतो. पण आईवडील असतील तर दिवसाची ट्रेन. डब्यात उठून सरळ चालत जाता येतं, एवढ्यासाठी. परवडत नसेल तर एक शहर कमी कर.

दोघं या उन्हाळ्यात परत येतायत. बर्लिन आईला नीट बघायचं राहिलंय. आयसीईची तिकिटं मी आधीच काढून ठेवली आहेत, जागेच्या रिझर्वेशनसकट (ते इथे वेगळं घ्यावं लागतं, बरं का). परवा फोनवर आईने विचारलंच, "केवढ्याला पडली रे?"

मी निम्मी किंमत सांगितली. तरी म्हणाली, "महाग आहे. बस नव्हती का?"