पावसाचे सात आंकडे

आम्हां डहाणू-तलासरीकडील मुलांस चिकूच्या करंड्या परिचयाच्या. एका करंडींतील फळें दुसरींत भरलीं, कीं पहिली रिकामी होते. संगणकाच्या वर्गांत सी भाषा शिकूं लागलों, तेव्हां अॅरे म्हणजे अशीच करंडी, असें आम्ही समजलों. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास रचलेली ही भाषा मात्र मोठी काटेकोर!

आमच्या एका सोबत्यानें तलासरीस रोज सकाळीं भिजत उभें राहून सात दिवसांचा पाऊस मोजला होता. ते आंकडे आम्हीं एका अॅरेंत ठेविले. दुसऱ्या अॅरेंत त्यांची नक्कल करावी म्हणून मध्यें बरोबरीचें चिन्ह घातलें. कंपायलरनें तें नाकारलें. मग एका पॉइंटरला पहिल्या अॅरेचें नांव दिलें. तें चाललें! त्या 'नकलें'त आम्हीं खुशाल शून्यें भरून पाहिलीं. पाहतों तों मूळ पाऊसही आटलेला! अॅरेच्या नांवानें पॉइंटरला केवळ पहिल्या घराचा पत्ता मिळाला होता. आंकडे एकाच जागीं होते.

सोबत्यापुढें आम्हीं मान खालीं घातली. त्याची वही होती, म्हणून निभावलें.

आतां आम्ही तितक्याच घरांचा दुसरा अॅरे घेतों आणि शून्यापासून सहापर्यंत लूप फिरवून एकेक आंकडा उतरवितों. मेमकॉपी हें फंक्शन तेंच काम एका दमांत करितें. मात्र त्यास घरें नव्हे, बाइट मोजून सांगावे लागतात. पहिली करंडी भरलेलीच राहते.

वाचकहो, दुसऱ्याच्या श्रमाची वस्तु हाताळण्यापूर्वीं तिची खरी नक्कल झाली आहे ना, एवढें पाहावें.