नऊ दिवस कमी पडले

वाफसा आल्याशिवाय पेरू नका, असे मी भातकुली तालुक्यात गावोगाव सांगत फिरतो. घरच्या पोरीच्या बाबतीत मात्र धूळपेरणी मीच करवली.

धाकट्या भावाची मुलगी मोठी चुणचुणीत. पहिलीत असतानाच दुसरीचे पुस्तक घडाघडा वाचायची. गुरुजी म्हणाले, हिला एकदम तिसरीत बसवू. भाऊ कचरत होता. पण घरात बी.एस्सी. झालेला मी. म्हटले, "बसव, वर्ष वाचते." २०२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षात, ती दहावी झाली. गावात पेढे मीच वाटले.

तिला व्हायचे होते डॉक्टर. बैतुलचे मामा म्हणाले, अकरावी-बारावीला आमच्याकडे पाठवा, शिकवणी चांगली आहे. तेव्हा मात्र मी आडवा पडलो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या असतात. आपल्याकडे त्यांवर हक्क सांगायचा, तर काही अपवाद सोडून, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली हवी, शिवाय अधिवासाचा दाखला हवा. बैतुल आपल्याला शेजार वाटतो, पण ते राज्य दुसरे. मामा रुसले, पोरगी अमरावतीत शिकली. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडून सेतू केंद्रातून दाखलाही आम्ही आधीच काढून ठेवला. सगळे कागद तयार, म्हणून मी निर्धास्त.

२०२४ च्या फेब्रुवारीत ती नीटचा अर्ज भरायला बसली आणि रडवेली होऊन आली. "मोठे बाबा, हे माही जन्मतारीखच घेऊन नाही राह्यलं!"

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण लागतात. तिचा जन्म ९ जानेवारी २००८ चा. नऊ दिवस कमी! तिसरीच्या वेळी वाचवलेले वर्ष तिथे जसेच्या तसे परत द्यावे लागले. भाऊ मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

खरी कसोटी पुढेच होती. पोरगी घरी दिसताच नात्यातल्या एका बाईंनी वहिनीजवळ विषय काढला, वर्ष रिकामेच आहे तर स्थळ पाहायला काय हरकत आहे? सोळा वर्षांची पोर! कायद्याने अठराच्या आत लग्न होत नाही हे मी सांगितले, आणि जरा चढ्या आवाजातच सांगितले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ती बोलणी आमच्या उंबऱ्याशी आणली होती माझ्याच घाईने.

ते वर्ष तिने सकाळी अभ्यास, दुपारी आईसोबत कपाशी वेचणे असे काढले. २०२५ साली परीक्षा दिली. एमबीबीएसपर्यंत गुण पोचले नाहीत. आयुर्वेदाला जागा मिळाली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतीत ती फी कुठून निघाली असती, देव जाणे.

परवा भावाच्या धाकट्यासाठीही कोणी म्हणाले, हुशार आहे, एक वर्ग पुढे ढकला. भावाने माझ्याकडे पाहिले. मी उठलो आणि त्याचा जन्मदाखला कपाटातून काढून आणला.