माठ भरलेलाच का राहतो?

सोयाबीनचं बियाणं नाजूक असतं. टरफल पातळ आणि अंकुर त्याला अगदी लागून. पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं की आतला कोंब दुखावतो. वरून काहीच दिसत नाही, पेरल्यावर कळतं. म्हणून धनज गावातल्या आमच्या गोदामात पहिला नियम हमालांसाठी होता: पोतं टेकवायचं, टाकायचं नाही, थप्पी उंच चढवायची नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या. त्यानंतर आमच्याकडच्या काही शेतकऱ्यांनी ठरवलं की आपलं बियाणं आपणच तयार करायचं. त्यातून शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली, सफाई-प्रतवारीची यंत्रं आली, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेली म्हणून युनिटची जबाबदारी माझ्याकडे आली.

बियाण्याला नियम भरपूर. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, उगवण किमान सत्तर टक्के हवी. पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग, प्रमाणिताला निळा. शंभर-शंभर दाण्यांचे चार संच ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब मोजायचे. दाण्याची एवढी काळजी घेणाऱ्या त्या जागेत माणसांबद्दल मात्र कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. किती वाजता यायचं, कुठे बसायचं, तहान लागली तर काय, अडचण आली तर कोणाला सांगायचं, हे सगळं ज्याचं त्यानं पाहायचं.

ऑक्टोबरात माल यायला लागला की निवडायला बायका लागतात. यंत्रातून निघालेल्या दाण्यातलं फुटकं, डागी, दुसऱ्या वाणाचं हातानं काढायचं. फुले संगमच्या लॉटमध्ये जेएस ३३५ चे दाणे सापडले तर सगळा लॉट अडतो. काम बारीक नजरेचं आणि धुळीचं. नाकातोंडाला पदर बांधून त्या तासन् तास बसत. माझ्या लक्षात आलं ते माठामुळे. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. ऑक्टोबरच्या उन्हात, पत्र्याखाली, एवढ्या धुळीत! एका वयस्कर बाईंना विचारलं, "मावशी, पाणी काहून नाही पेत तुम्ही?" त्या काही बोलल्या नाहीत. शेजारची म्हणाली, "पेलं म्हंजे मंग जा लागते न मॅडम. जावं कुठी?"

गोदामाच्या मागे रस्ता, पुढे रस्ता, आणि बाकी उघडं वावर. पुरुषांची सोय आपोआप झालेली होती.

संचालक मंडळाच्या बैठकीत विषय मांडला तेव्हा कोणी वाईट बोललं नाही. सगळे भले लोक आहेत, घरी लेकीसुना असलेले. एक दादा म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, पुढच्या सालच्या बजेटमंदी धरू." त्या वर्षी दुसरा मोठा वजनकाटा घ्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, काटा पुढच्या साली धरू. थोडी शांतता झाली, मग अध्यक्षांनी मान डोलावली. संडास-बाथरूम आणि हात धुवायला नळ झाला. दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून घरी जाणाऱ्या बायका मग थांबू लागल्या. माणसाबद्दल वाईट वाटणं आणि वजनकाटा पुढे ढकलणं यांत जे अंतर आहे, ते ओलांडायचा अधिकार ज्याच्या हातात असतो त्याला मी प्रमुख म्हणते. सहानुभूती तर मुकादमापासून शिपायापर्यंत सगळ्यांनाच असते. वेळ, जागा आणि पैसा बदलायचा अधिकार मोजक्यांनाच असतो.

हे मला कोणी व्याख्यान देऊन शिकवलं नाही. लग्नानंतर मी शहरातल्या एका बियाणे प्रयोगशाळेत होते. दिवस गेल्याचं मी अजून घरातही सगळ्यांना सांगितलं नव्हतं. बीजप्रक्रियेच्या खोलीत बुरशीनाशकाचा वास येतो, तो मला सहन होईना. आमचे साहेब अबोल. त्यांनी काही विचारलं नाही, कौतुकही केलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाचा नवा तक्ता लागला. त्यात बीजप्रक्रियेची पाळी आळीपाळीनं सगळ्यांवर होती आणि 'तब्येतीच्या कारणानं ज्यांना नको त्यांनी फक्त सांगावं, कारण देऊ नये' असं खाली लिहिलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. त्या एका ओळीनं माझी नोकरी टिकली, आणि माझ्याआधी तिथून सोडून गेलेल्या दोघींबद्दल मला पहिल्यांदा काही समजलं. धनजला आल्यावर बीजप्रक्रियेच्या दारावर मी तीच ओळ लावली.

आमचा ग्रेडर चालवणारा पोरगा ऐकू-बोलू शकत नाही. त्याला घेताना ऑपरेटर म्हणाला, "मशीन बंद कर म्हनून वरडलं त याले कसं समजन?" प्रश्न खरा होता. पण एलिव्हेटर, ग्रेडर आणि ग्रॅव्हिटी ही यंत्रं एकदम सुरू असताना कोणाचंच ओरडणं कोणाला ऐकू येत नाही, हेही खरं होतं. आम्ही तीन ठिकाणी बटणं आणि प्रत्येक यंत्रावर लाल दिवा बसवून घेतला. खर्च किरकोळ आला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मी वाचला आहे. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून देण्याची भाषा आहे. आमच्याकडे वाजवी सोय म्हणजे एक लाल दिवा होता, आणि आता तो सगळेच पाहतात.

सगळ्यात अवघड गेलं ते बेड्यावरच्या मुलीचं. आमच्या भागात फासेपारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावाच्या नजरेतून तो अजून पुरता गेलेला नाही. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांची 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा आहे. ते स्वतः फासेपारधी. शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी भीक मागणाऱ्या, भटकणाऱ्या पोरांना गोळा केलं. समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेची काही जागा गेली तेव्हा सगळीकडे चर्चा झाली होती. या मुलीचा धाकटा भाऊ तिथे शिकत होता. ती स्वतः शाळेत गेलेली नव्हती. काम मागायला आली, मी ठेवून घेतलं.

तिच्यात काही विलक्षण हुन्नर होतं म्हणून ठेवलं, असं मी सांगणार नाही. ती इतरांसारखीच निवडायची, कधी बरं, कधी घाईनं. आणि तेवढ्यावर तिचा हक्क होता. खालच्या समजल्या गेलेल्या माणसानं आत यायला आधी असामान्य असावं लागतं, ही अट मला फार क्रूर वाटते.

ती आली त्या आठवड्यात माठाशेजारी बाटल्या दिसू लागल्या. जी ती घरून पाणी आणू लागली. कोणी भांडलं नाही, कोणी शब्दानं काही म्हटलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत एवढंच सांगितलं की इथं माठ एकच राहील, ओगराळं एकच राहील, आणि मी याच माठाचं पाणी पिणार. मग रोज त्यांच्यात डबा घेऊन बसायला लागले. हळूहळू बाटल्या कमी झाल्या. एक जण मात्र कामावर यायची थांबली ती थांबलीच. चांगली निवडणारी होती. मी तिच्या घरी गेले, चहा झाला, ती आली नाही. तिच्याविना हंगाम काढला.

पगाराचं आणखी वेगळं. कंपनीचा नियम होता की मजुरी बँक खात्यातच जमा होणार. मुलीच्या आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि खातं नाहीच. हिशेबनीस म्हणाला, खातं उघडलं की कामावर घ्या. मी उलटं केलं. आधी व्हाउचरवर अंगठा घेऊन रोख मजुरी, आणि ज्या दिवशी कागदांसाठी कारंजाला जावं लागेल त्या दिवसाची हजेरी भरपगारी. नाव दुरुस्त होऊन जनधन खातं निघायला पुष्कळ फेऱ्या झाल्या. तेवढी भरपगारी हजेरी नसती, तर तिनं तिसऱ्याच फेरीला काम सोडलं असतं, कारण रोज बुडवून कागद गोळा करणं हातावर पोट असणाऱ्याला परवडत नाही.

समान मजुरीचा झगडा अजून पुरता संपलेला नाही. पिशव्या भरणं आणि शिवणं हे काम आमच्याकडे बाया आणि माणसं दोघंही करतात. माणसांना जास्त मिळायचं, कारण बाहेर शेतात तोच रिवाज आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता, माझ्या जन्माच्याही आधी. पण मी बैठकीत कायदा काढला नाही. शिलाईच्या नोंदवहीतली पानं काढली: कोणी दिवसाला किती पिशव्या शिवल्या, कोणाच्या किती उसवल्या. वही अध्यक्षांनी स्वतः वाचली आणि शिलाईची मजुरी एक केली. एका संचालकांनी बाहेर आल्यावर मला सांगितलं, "मॅडम, आता गावातल्या बाया वावरातही हाच रोज मांगतीन." मी म्हटलं, मागू द्या भाऊ.

आता विषय हमालांचा आहे. पोतं टेकवायचं म्हणजे टाकण्यापेक्षा कंबरेवर जास्त भार येतो. आमच्या बियाण्याची उगवण त्यांच्या मणक्यावर उभी आहे. मुकादमांचं वय झालंय, पण कंबर दुखते असं ते माझ्याजवळ कधी बोलणार नाहीत. सरकता पट्टा बसवायचं कोटेशन मी मागवलंय. किंमत ऐकून बैठकीत पुन्हा पुढच्या सालच्या बजेटची भाषा निघेल हे मला ठाऊक आहे. म्हणून यंदा मुकादमांनाच बैठकीला बोलावलंय, आणि त्यांची खुर्ची अध्यक्षांच्या शेजारी ठेवायला सांगितलीय.