गोंगाट आणि संहिता

वाढदिवस ही संस्था वऱ्हाडातील शेतकरी-मजूर समाजात फार उशिरा आली. जयंती मात्र तेथे जुनी आहे. आपला जन्म कोणत्या तारखेचा हे ज्यांना ठाऊक नसे, ज्यांच्या आया ‘पुराच्या साली’ किंवा ‘कपाशी बुडाली त्या साली’ एवढेच सांगू शकत, त्यांनीच दुसऱ्याचा जन्म गाऊन साजरा करण्याची रीत जपली. रामजन्माचा पाळणा, गोकुळाष्टमीचे भजन यांपासून ती सुरू होते आणि आधुनिक काळात माणसांच्या जन्मदिवसांपर्यंत येते. जयंतीत ज्याचा जन्म साजरा होतो तो बहुधा हयात नसतो. गाणारे आणि ऐकणारे मात्र हयात असतात. म्हणूनच जयंतीच्या गाण्याचा विचार करताना उत्सवमूर्तीपेक्षा श्रोत्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मराठी समीक्षेने हे काम फारसे केलेले नाही.

अमरावती परिसरातील एप्रिल महिना या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १४ एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मदिवस. तो सार्वजनिकरीत्या साजरा करण्याची प्रथा १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सुरू केली असे मानले जाते. ज्या अमरावतीने १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा पाहिला, तेथे या दिवसाला केवळ मिरवणुकीचे स्वरूप राहणे शक्यच नव्हते. भीमगीते, कव्वालीचे सामने, जलशांची उरलेली परंपरा यांतून त्या रात्री जागत आल्या. दुसरा दिवस १५ एप्रिल. १९३२ साली याच तारखेला अमरावतीत सुरेश भट यांचा जन्म झाला. गझल हा परभाषेतून आलेला रचनाबंध मराठीत रुजवताना भटांनी तिचे व्याकरण ‘गझलेची बाराखडी’ म्हणून मांडले खरे, परंतु ती रुजली ती मैफलींत, श्रोत्याच्या दादेवर. या दोन लगतच्या तारखांना जोडणारा दुवाही भटांनीच निर्माण केला आहे: त्यांनी लिहिलेली भीमवंदना अनेकांच्या ओठी आहे, आणि ती म्हणणाऱ्या कित्येकांना कवीचे नाव माहीत नसते. निनावी होणे हे लोकपरंपरेत कवीचे अपयश नसून यश असते. तिसरा दिवस ३० एप्रिल. १९०९ साली या दिवशी यावली येथे तुकडोजी महाराज जन्मले. त्यांचा जन्मदिवस ग्रामजयंती म्हणून साजरा होतो. म्हणजे व्यक्तीच्या वाढदिवसाचे गावाच्या वाढदिवसात रूपांतर केले जाते. ‘ग्रामगीता’ लिहिणाऱ्याच्या विचाराशी हे सुसंगतच आहे. त्या दिवशी पहाटे गाव झाडले जाते आणि रात्री खंजिरी वाजते. उलट ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते निवर्तले, त्याची स्मृती गुरुकुंज मोझरी येथे जमलेला प्रचंड समुदाय मौनाने जागवतो. जन्म गाण्याने आणि मृत्यू मौनाने साजरा करणारी ही व्यवस्था कोणत्याही काव्यशास्त्राला विचार करायला लावील अशी आहे.

या गाण्यांपैकी काही पुढे आकाशवाणीवर आणि ध्वनिमुद्रिकांवर गेली, भटांची तर अनेक गेली. पण त्यांचे पोषण चित्रपटसृष्टीने केले नाही. वर्गणी, मांडव, उसना ध्वनिक्षेपक आणि रात्रभर बसणारे लोक यांवर ती जगली. आष्टगावसारख्या खेड्यातून आलेल्या भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलगायन हाच आपला स्वतंत्र मार्ग ठरवला, तेही याच श्रोतृवर्गाच्या भरवशावर. चित्रपटाबाहेरच्या या गाण्याला महानगरी तरुण आज ‘इंडी’ म्हणतो. वऱ्हाडात त्याला वेगळे नाव देण्याची गरज पडली नाही, कारण तेच ‘गाणे’ होते. चित्रपटातले ते ‘पिक्चरचे गाणे’.

एप्रिलच्या जयंत्यांना हिवाळ्यात प्रतितोल मिळतो तो जत्रेचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चांदूर बाजार तालुक्यातील बहिरम येथे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून महिन्याहून अधिक काळ जत्रा भरते. लोणी-शेंदराने माखलेली बहिरमबुवाची भव्य मूर्ती, पायथ्याच्या राहुट्या, मातीच्या हंडीत शिजणारे मटण आणि रोट्या, आणि पूर्वी तमाशाचे फड. देव, बाजार, भोजन आणि रंजन यांत येथे भिंत नसते. ज्या गाडगेबाबांनी जत्राजत्रांतून पशुबळीविरुद्ध कीर्तने केली, तेही याच जिल्ह्यातील शेंडगावचे. जत्रेला विरोध करणारा आवाजही जत्रेतच उभा राहतो आणि जत्रेच्याच श्रोत्यांना उद्देशून बोलतो. बाख्तीनने उत्सवाच्या बहुस्वरतेविषयी जे मांडले, त्याची उदाहरणे शोधण्यास वऱ्हाडी अभ्यासकाला राब्लेपर्यंत जाण्याचे कारण नाही.

या दोन ऋतूंच्या मध्ये वावरलेला एक श्रोता येथे विचारात घ्यावयाचा आहे. तो विद्वान नाही, कवी नाही. एस. टी.त वाहक म्हणून त्याची नोकरी झाली. जत्रेच्या दिवसांत जादा गाड्यांवर त्याची नेमणूक असे. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून १९५३ आहे. ती गुरुजींनी घातलेली. त्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा जन्म त्यांच्या लेखणीने १ जूनलाच झाला. या तारखेने त्याला नोकरी दिली आणि निवृत्तीही दिली, पण तिचा त्याने कधी उत्सव केला नाही. उत्सव करायला एप्रिलचे तीन दिवस पुरेसे होते. १९८३ च्या सुमारास त्याने बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेतला आणि पुढची दहा-बारा वर्षे तो जेथे जाईल तेथले ध्वनिमुद्रण करीत राहिला: जयंतीचे कव्वालीचे सामने, गझलेच्या मैफली, ग्रामजयंतीची भजने, बहिरमच्या राहुट्यांतली गाणी. अशा शंभरावर कॅसेटी एका पत्र्याच्या पेटीत जमल्या. प्रत्येकीवर तारीख, गाव आणि ‘सोबत कोण होते’ एवढी नोंद होती. गायकाचे नाव मात्र क्वचितच.

ही नोंदपद्धती महत्त्वाची आहे. ग्रंथालयाच्या तालिकेत कर्ता आधी येतो. या पेटीत आधी प्रसंग येतो, मग साक्षीदार, आणि कर्ता आला तर शेवटी. ‘कोणाचे गाणे’ या प्रश्नाआधी ‘कोणाबरोबर ऐकलेले गाणे’ हा प्रश्न उभा राहतो. कलाकृतीची स्वायत्तता गृहीत धरणाऱ्या समीक्षेला हा प्रश्न कलाबाह्य वाटेल. तो तसा आहे का, याची कसोटी या श्रोत्याच्या आयुष्यात सत्तराव्या वर्षी लागली.

२०२३ च्या १ जूनला मुलांनी त्याची सत्तरी साजरी करायचे ठरवले. सभागृह, जेवण आणि वडिलांच्या आवडीचे गाणे. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने त्यापूर्वी काही महिने पेटी नेली होती. त्याने एकेक कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि खपून स्वच्छ केली. फितीची खरखर गेली. त्याबरोबर खोकले, लहान मुलांचे रडणे, ‘वा’, ‘पुन्हा’, हरवलेल्या पोराची घोषणा, ‘अमुक यांच्याकडून अकरा रुपये’ हा पुकारा, हेही गेले. मुलाच्या दृष्टीने तो गोंगाट होता. समारंभात ते गाणे लागले तेव्हा लोकांनी वाखाणले. आवाज एवढा स्वच्छ होता की गायक शेजारी बसून गात असल्यासारखे वाटे. म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने मुलाला हळूच विचारले, “बापू, यात तुह्ये आजोबा कुठी गेले?”

१९८४ च्या हिवाळ्यातील बहिरमची ती कॅसेट होती. खंजिरीच्या भजनात तिसऱ्या कडव्यानंतर त्याच्या बापाचा आवाज होता: “वा रे माह्या वाघा!” एवढाच. बापाचे छायाचित्र घरात एकच होते, तेही मतदार ओळखपत्रे येण्याच्या आधीचे, पुसट. आवाज मात्र याच एका जागी होता. मुलाच्या यंत्राने तो ओळखला नाही असे नव्हे. यंत्राने तो गाणे नसलेला आवाज म्हणून अचूक ओळखला, आणि म्हणूनच काढला. मूळ कॅसेट पेटीत परत आलेली होती. पण चाळीस पावसाळ्यांनी फितीवर बुरशी धरली होती, पदर एकमेकांना चिकटत होते. मुलाने उतरवून घेताना ती कशीबशी एकदा चालली होती. पुन्हा चालेल याची खात्री दुरुस्ती करणारा कारागीर देईना. मुलाने कच्ची प्रत ठेवली नव्हती. जागा वाचवण्यासाठी त्याने ती पुसली होती, आणि ते त्याने मान खाली घालून सांगितले.

या ठिकाणी हळहळून थांबणे सोपे आहे. पण त्यातून सैद्धांतिक प्रश्न सुटत नाही. मुलाने जे केले ते एखाद्या अपवादात्मक बेपर्वाईने केले नाही. छापील वाङ्मयाचा संपादक जे नेहमी करतो तेच त्याने केले. भजनाचे पुस्तक छापताना मध्ये आलेली दाद कोण छापतो? भीमगीतांच्या संग्रहात अकरा रुपयांचा पुकारा कोठे असतो? वास्तविक त्या पुकाऱ्यात त्या कलेचे सारे अर्थशास्त्र आहे: राजाश्रय नव्हता, रोजमजुरीतून बाजूला काढलेला आश्रय होता, आणि तो देणाऱ्याचे नाव गाण्याच्या मध्येच उच्चारले जाण्याचा मान होता. अल्बर्ट लॉर्डने १९६० साली मौखिक रचनेचे जे विवेचन केले, त्याचा गाभाच हा की अशी रचना सादरीकरणाच्या क्षणी घडते. मग तो क्षण घडवण्यात ज्यांचा वाटा आहे त्यांना संहितेबाहेर ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. दाद मिळाली म्हणून कडवे पुन्हा गायले गेले, हे त्या स्वच्छ प्रतीतही ऐकू येते. पण ते पुन्हा का गायले गेले याचे कारण तेथे नाही. कार्य उरले, कारण गेले. अशा संहितेला शुद्ध म्हणावे की खंडित?

यावर असा आक्षेप घेता येईल की कॅसेट तरी कोठे पूर्ण होती? तीस मिनिटांनी बाजू संपे आणि सामना ऐन रंगात तुटे. फीत वर्षानुवर्षे गुंडाळून राहिली की एका पदरावरचा ध्वनी शेजारच्या पदरावर उमटतो, त्यामुळे पुढची ओळ गायली जाण्याआधीच क्षीणपणे ऐकू येते. यांत्रिक प्रतीत मूळ कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे बेन्यामिनने १९३६ मध्ये म्हटले होते. आक्षेप रास्त आहे. कॅसेट म्हणजे ती रात्र नव्हे. परंतु स्वस्त यंत्राला निवड करता येत नव्हती. जे समोर होते ते सगळे त्याने घेतले. त्या अडाणीपणातच त्याची प्रामाणिकता होती. नवे यंत्र निवड करते, आणि निवड करणाऱ्या प्रत्येक साधनात एक साहित्यसिद्धान्त दडलेला असतो. गाणे काय आणि गाणे नव्हे काय, हे ते आधीच ठरवून बसलेले असते.

वऱ्हाडला या प्रश्नाचे एक जुने उत्तर ठाऊक आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्याने एकेक प्रसंग विचारला. पुढे तो ग्रंथ धाडीत नाहीसा झाला आणि स्मरणातून पुन्हा उभा करण्यात आला, असे परंपरा सांगते. हिराइसेच्या स्मरणशक्तीची ख्याती आणि तिच्या नावाचा पाठ यांतूनच आला. स्मरणे जुळली नाहीत तेथे भेद पुसले गेले नाहीत. अमुकाच्या मते असे, तमुकाच्या मते तसे, हे नोंदले गेले. मराठीचा आरंभीचा गद्यग्रंथ हा अशा रीतीने श्रोत्यांनी रचलेला ग्रंथ आहे, आणि त्यात ऐकणाऱ्याचे नाव ही पाठाची सजावट नसून पाठाचे प्रमाण आहे. मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला यावे यामागे हाच वारसा आहे.

त्या निवृत्त वाहकाने ‘लीळाचरित्र’ वाचलेले नाही. पण सत्तरीनंतरच्या पावसाळ्यात त्याने दोनशे पानी वही घेतली. स्वच्छ केलेली गाणी तो रोज ऐकतो आणि जेथे काही काढले गेले आहे असे त्याला आठवते तेथे मिनिट, सेकंद घालून लिहितो: ‘येथे बाबा बोलले.’ ‘येथे लाइट गेली, लोक हसले.’ ‘येथे पोरगी हरवल्याचे पुकारले; नंतर सापडली.’ ज्या मित्रांची नावे कॅसेटींवर आहेत त्यांच्यापैकी हयात असलेल्यांना तो गाठतो आणि विचारतो. दोघांचे जुळले नाही तर दोन्ही लिहितो. बापाच्या शब्दांपुढे त्याच्या धाकट्या भावाने ‘वाघा नाही, पाखरा म्हणले होते’ असे सांगितले. तेही त्याने खाली नोंदवले आहे. धाकटा मुलगा सुटीत आला की वही संगणकावर उतरवतो. आता तो काही पुसत नाही.

ही वही साहित्य आहे की नाही, हा प्रश्न विद्यापीठीय समीक्षेने स्वतःला विचारावयाचा आहे. तिच्यात एकही ओळ काव्य म्हणून लिहिलेली नाही. पण एखाद्या संहितेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना जे करावे लागते ते सारे तिच्यात आहे: गाळलेल्या स्थळांचा निर्देश, पाठभेद, साक्षीदार आणि त्यांच्या विश्वासार्हतेचा विचार. फरक एवढाच की येथे मूळ पाठ गाण्याचा नसून ऐकण्याचा आहे. एप्रिलमधल्या जयंत्या आणि बहिरमच्या राहुट्या यांचे ध्वनिमुद्रण असलेल्या पेट्या वऱ्हाडातल्या घराघरांतून अजून असतील, आणि त्यांच्यावरही बुरशी चढत असेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधाचे विषय शोधताना या पेट्यांकडे जावे. जाताना ध्वनी स्वच्छ करण्याचे साधन मागे ठेवावे, वही सोबत घ्यावी, आणि गायकाचे नाव विचारण्याआधी ‘सोबत कोण होते’ हे विचारावे.